प्रियोळकरांचे 'इन्क्विझिशन' आणि आपण

वाशीमचा ताम्रपट इतिहासाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. १९३९ साली तो उजेडात आला आणि वाकाटकांची एक संपूर्ण शाखा, जिची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम होती, इतिहासात आपल्या जागी येऊन बसली. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखाचे पूर्वीचे वाचन सदोष होते. या ताम्रपटाच्या आधाराने महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते सुधारले. एका दानपत्राने विद्वानांच्या पिढीची चूक दुरुस्त व्हावी, ही इतिहासलेखनातील भाग्याची गोष्ट होय. गोव्याच्या इतिहासकाराच्या वाट्याला नेमके उलट आले. तेथील इन्क्विझिशन १८१२ साली बंद झाले आणि त्यानंतर त्याच्या दप्तराचा बहुतेक भाग जाळून नष्ट करण्यात आला. मूळ कागदच नाहीसे झाल्यावर इतिहास लिहायचा कशावरून? अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या 'द गोवा इन्क्विझिशन' या इंग्रजी ग्रंथाकडे पाहताना ही अडचण आधी ध्यानात घेतली पाहिजे.

वऱ्हाडातील ख्रिस्ती वाचकाने या ग्रंथाची दखल का घ्यावी, असे कोणी विचारील. अमरावती धर्मप्रांतातील आपल्या ख्रिस्तसभेचा उगम गोव्यात नाही. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संघाचे धर्मगुरू ॲन्सीहून निघून १८४६ साली विशाखापट्टणमला उतरले आणि तेथून मध्य हिंदुस्थानात आले. तोवर इन्क्विझिशन संपून चौतीस वर्षे झाली होती. तरीही धर्मांतराचा विषय निघाला की गावातल्या चर्चेत, वर्तमानपत्राच्या पत्रव्यवहारात, आणि आता मुलांच्या हातातील भ्रमणध्वनीवरही गोव्याच्या त्या न्यायपीठाचे नाव येतेच, आणि त्यामागोमाग प्रियोळकरांचेही येते. त्यांचे नाव फेकणाऱ्यांपैकी किती जणांनी ग्रंथ उघडून पाहिला असेल, याबद्दल मला दाट शंका आहे. ते नाव ऐकून कपाळाला आठ्या घालणाऱ्या आपल्या माणसांबद्दलही शंका तीच.

प्रियोळकर ख्रिस्तद्वेष्टे होते काय? १८९५ साली गोव्यातील प्रियोळ येथे जन्मलेल्या या संशोधकाने आयुष्याचा मोठा भाग जुन्या मराठी ग्रंथांच्या पाठशुद्धीत घालवला. रघुनाथ पंडितांचे 'दमयंती स्वयंवर' आणि मुक्तेश्वरांचे 'आदिपर्व' ही त्यांची संपादने प्रसिद्धच आहेत. मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाचे ते संचालक होते. त्याच हातांनी त्यांनी गोव्यातील ख्रिस्ती पुराणकारांची, फादर स्टीफन्सच्या परंपरेची, हिंदुस्थानातील मुद्रणाच्या आरंभाची कागदपत्रे शोधून मांडली. रायतूरच्या छापखान्याविषयी मराठी माणसाला जे ठाऊक आहे, त्यातील पुष्कळसे त्यांच्या कष्टाचे फळ आहे. आपल्या साहित्याचे ऋण ज्याच्या नावावर एवढे आहे, त्याच्या एका अप्रिय ग्रंथासाठी त्याला शत्रूच्या रांगेत उभे करणे कृतघ्नपणाचे ठरेल.

आता ग्रंथाकडे वळू. १५६० ते १९६० अशा चारशे वर्षांचे निमित्त साधून तो लिहिला गेला. त्यातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट टीकाकार आणि भक्त दोघांच्याही नजरेतून सहसा निसटते. ती म्हणजे आरोपी कोण होते, ही. इन्क्विझिशनचा अधिकार मुख्यतः स्नानसंस्कार घेतलेल्यांवर होता. हिंदूंवरही खटले झाले. धर्मांतरात अडथळा आणल्याचा किंवा नवख्रिस्ती माणसास जुन्या विधीकडे वळवल्याचा ठपका त्यांच्यावर असे. परंतु आरोपींत बहुसंख्य ख्रिस्तीच होते. आरंभी ज्यू वंशाचे नवख्रिस्ती होते. गार्सिया द ओर्ता या थोर वैद्याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला होता. त्याची बहीण कातारीना हिला १५६९ साली जिवंत जाळण्यात आले आणि १५८० साली त्याची स्वतःची अस्थी उकरून जाळण्यात आली. पुढे गोव्यातील आणि वसई, दमण, चौल या टापूतील देशी ख्रिस्ती माणूसच प्रामुख्याने या न्यायपीठापुढे उभा राहू लागला. ज्याला 'त्यांचा' इतिहास म्हणून आपल्यावर फेकले जाते, तो पुष्कळ अंशी आपल्याच माणसांच्या यातनांचा इतिहास आहे.

या दृष्टीने १७३६ चा जाहीरनामा वाचावा. नवख्रिस्त्यांनी काय काय करू नये याची ती लांबलचक यादी आहे. लग्नात हळद लावू नये, विडे-फुले पाठवू नयेत, अंगणात तुळस ठेवू नये, मिठावाचून भात शिजवू नये, पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी वापरू नये! यांतील एकही गोष्ट विश्वासाच्या प्रांतातली नाही. घरातली, स्वयंपाकाच्या चुलीजवळची, नात्यागोत्यातली रीत आहे ती. त्या यादीत लग्नात म्हणायच्या ओव्यांनाही मनाई आहे. एकशेवीस वर्षांपूर्वी, १६१६ साली, याच भूमीत फादर स्टीफन्सनी सुमारे अकरा हजार ओव्यांत प्रभू येशूची कथा सांगितली होती, आणि तीही धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने छापून. जात्यावरची आणि मांडवातली ओवी एका ख्रिस्ती धर्मगुरूने देवळात आणली, दुसऱ्या ख्रिस्ती अधिकाऱ्याने ती मांडवातूनही हाकलून दिली. ख्रिस्तसभेच्या पोटात हे दोन प्रवाह होते. हे दोन्ही आपल्यापुढे ठेवणारा अभ्यासक एकच आहे, आणि त्याचे नाव प्रियोळकर.

ग्रंथात दोष नाहीत असे मात्र नाही, आणि ते लहानही नाहीत. उत्तरार्धात त्यांनी दोन परकीयांचे वृत्तांत दिले आहेत. पहिला शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याचा. दमणला त्याला पकडण्यात आले, गोव्यात शिक्षा झाली आणि १६८७ साली त्याचे पुस्तक निघाले. दुसरा क्लॉडियस ब्यूकॅनन या स्कॉटिश पाद्र्याचा, जो १८०८ साली गोव्यात येऊन गेला. देलाँने स्वतः तुरुंग भोगला आहे, त्यामुळे त्याचे मोल मोठे. पण युरोपातील प्रॉटेस्टंट वाचकांनी त्याचे पुस्तक ज्या चवीने वाचले, त्या चवीचाही विचार हवा होता. ब्यूकॅनन तर आपले मत ठरवूनच आलेला पाहुणा. ताम्रपटाच्या प्रत्येक अक्षराला जे भिंग लावायचे, ते या साक्षीदारांना प्रियोळकरांनी लावल्याचे जाणवत नाही. मुक्तेश्वरांच्या पाठांबाबत इतका काटेकोर असणारा संपादक येथे सैल पडतो, हे मला खटकते.

दुसरा दोष मांडणीचा. व्हाइसरॉयचे कायदे, प्रांतिक धर्मसभेचे ठराव आणि इन्क्विझिशनचे निवाडे ही तीन वेगळ्या सत्तांची कामे ग्रंथात एका ओघात येतात. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली ती सरकारी हुकमतीने. स्थानिक भाषेविरुद्धचा १६८४ चा हुकूमही व्हाइसरॉयचा. धर्मसत्ता यातून सुटते असे मी म्हणत नाही. धर्मगुरूंचा आग्रह या हुकमांमागे होताच. पण कोणी काय केले हे वेगळे न ठेवल्याने सर्व पापांचे ओझे एका शब्दावर येते, आणि असा शब्द सभेत फेकायला सोपा जातो. शिवाय आज साधनेही वाढली आहेत. १६२३ पर्यंतच्या तीन हजारांहून अधिक खटल्यांची जुनी सूची लिस्बनला आहे, रिओ द जानेरोच्या ग्रंथालयात गोव्याचा पत्रव्यवहार आहे, आणि पोर्तुगीज-ब्राझिलियन अभ्यासकांनी त्यावर पुष्कळ काम केले आहे. दप्तर जळाले म्हणून सारेच गेले, असे आता म्हणता येत नाही.

प्रियोळकरांचे राजकारण लपून राहिलेले नव्हते. १९५१ च्या कारवार साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, कोंकणी ही मराठीची बोली असे त्यांचे ठाम मत होते, आणि गोवा महाराष्ट्रात यावा या पक्षाचे ते होते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरुद्ध १,७२,१९१ मते पडली. विरोधात गोव्यातील कॅथलिक समाज जवळजवळ एकमुखाने उभा होता. ग्रंथ या कौलाच्या सहा वर्षे आधीचा, गोवामुक्तीच्याच वर्षातला. त्यातील संताप पोर्तुगीज सत्तेवर आहे, आणि तो मुक्तीपूर्व गोमंतकीयाचा संताप आहे. गोव्यातील ख्रिस्ती शेजाऱ्याविरुद्ध तो वळत नाही. विलीनीकरणाच्या वादात मात्र ख्रिस्ती वाचकाने लेखकाचा पक्ष पाहिला आणि पुस्तक मिटून ठेवले. माझ्या मते त्या वाचकाचे नुकसान तेव्हापासून सुरू झाले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवदर्शनाच्या तोंडावर, त्यांच्या अवशेषांची डीएनए चाचणी करावी अशी मागणी एका नेत्याने केली आणि मडगावच्या रस्त्यावर कॅथलिक तरुण उतरले. दुखावलेल्या श्रद्धेचा तो निषेध समजण्यासारखा होता. पण त्या दिवसांत जे बोलले गेले त्यात झेवियरचे १५४६ चे पत्र वारंवार येत होते. पोर्तुगालच्या राजाकडे त्यांनी हिंदुस्थानात इन्क्विझिशन धाडण्याची विनंती केली होती, हे खरेच आहे. ते १५५२ साली वारले आणि न्यायपीठ १५६० साली आले, हेही खरे आहे. एका बाजूला पहिलेच वाक्य हवे असते, दुसरीला दुसरेच. पत्राचा रोख पोर्तुगीज वसाहतीत राहणाऱ्या ज्यू आणि मुसलमान वळणाच्या लोकांवर होता, हा तपशील तर दोघांनाही नको असतो.

१२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत पेत्राच्या महामंदिरात, सत्याची सेवा करताना ख्रिस्ती लोकांनी केलेल्या बळजबरीबद्दल जाहीर क्षमायाचना केली. त्यापूर्वी, १९९८ साली, व्हॅटिकनने इन्क्विझिशनच्या अभ्यासकांची परिषद बोलावली होती. कागद तपासावेत आणि मग गुडघे टेकावेत, हा क्रम त्यात होता. प्रियोळकरांचा ग्रंथ आपल्या धर्मग्रामाच्या वाचनालयात 'ख्रिस्तपुराणा'च्या शेजारी ठेवायला हवा, असे मी म्हणतो ते याच क्रमाने. मात्र त्याला टिपांची जोड हवी: देलाँची साक्ष कोठे पडताळता येते, कोणता हुकूम कोणाचा, आणि लिस्बनच्या सूचीत कोणत्या गावची कोणती माणसे आहेत, एवढे तरी त्यात असावे.