चढ हरवलेला मुलूख

संगणकावरील खेळांविषयी वाङ्मयीन मासिकात लिहावयाचे म्हणजे प्रथम क्षमायाचना करावयाची, असा एक संकेत पडून गेला आहे. तो मी पाळणार नाही. ज्या कृतीत एक जग उभे केलेले असते, त्या जगात पात्रे असतात, पात्रांना भूतकाळ असतो आणि आत शिरणाऱ्याला शेकडो तास धरून ठेवण्याचे सामर्थ्य असते, त्या कृतीची चिकित्सा करावयास समीक्षकाला परवाना लागू नये. कादंबरीलाही एके काळी तो मागितला गेलाच होता. मला ज्या गोष्टीविषयी लिहावयाचे आहे ती वरवर पाहता केवळ आकडेमोडीची आहे; परंतु त्या आकडेमोडीने जगाचा अर्थच पालटतो, असे माझे मत होऊन बसले आहे.

या खेळांत खेळणारा एक भूमिका घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी चोर. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी कागद, पेन्सिल आणि फासे यांवर खेळावयाचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला, आणि त्याने या भूमिकेला एक शिडी दिली. अनुभव मिळवावा, एक पायरी चढावे, बळ वाढावे. त्या पायरीला लेव्हल म्हणतात. शिडीची कल्पना आपल्याला परकी नाही. ज्याचे श्रेय आपली परंपरा ज्ञानदेवांना देते त्या मोक्षपटातही सोंगटी वर चढते आणि सापाच्या तोंडी सापडून खाली येते. फरक इतकाच, की मोक्षपटाच्या घरांना सोंगटीची पर्वा नसते. कोणीही आले तरी साप साप असतो आणि शिडी शिडी.

पुढे हा खेळ आंतरजालावर आला, हजारो माणसे एकाच काल्पनिक भूमीत एका वेळी वावरू लागली, तेव्हाही बराच काळ घरे अशीच बेपर्वा होती. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ नोव्हेंबर 2004 मध्ये सुरू झाला. त्याच्या मूळ रूपात प्रत्येक प्रांताची पातळी ठरलेली होती. नवख्याने ज्या रानात लांडगे मारावयाचे ते रान वेगळे, आणि वीस पायऱ्या चढल्यावर जावयाचे ते वेगळे. शत्रू फारच वरचढ असेल तर त्याच्या चित्राशेजारी आकडा न दिसता कवटी दिसे. 2007 साली या खेळात ‘हेलफायर पेनिन्सुला’ नावाचा एक लालसर, उजाड मुलूख आला. साठीच्या आसपास पोहोचलेल्यांसाठी तो होता. पण त्यातून सत्तराव्या पायरीचे काही अजस्र लोहयंत्र फेऱ्या घालीत. ‘फेल रीव्हर’ त्याचे नाव. तो जवळ आला की जमीन हादरे, भोंग्यासारखा आवाज होई, आणि आपल्या क्षुद्र कामात गढलेला खेळाडू वर पाहीपर्यंत बहुधा उशीर झालेला असे. त्या काळी खेळलेली माणसे आजही त्या यंत्राची आठवण, आपल्याकडे शाळेतल्या एखाद्या मारकुट्या मास्तरांची निघावी तशी, भयाने आणि प्रेमाने काढतात. काही महिन्यांनी बळ वाढवून त्याच मुलुखात परतावे आणि त्या यंत्राला आडवे करावे, हा सूड नव्हता. आपण कोठून कोठे आलो याची ती मोजणी होती.

यानंतर जे झाले ते नीट समजून घेतले पाहिजे. ‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ हा खेळ एप्रिल 2014 मध्ये आला तेव्हा त्यातही प्रांत क्रमाने लावलेले होते आणि तीन प्रतिस्पर्धी संघांच्या सीमा आखलेल्या होत्या. ऑक्टोबर 2016 मध्ये ‘वन टॅम्रिएल’ या नावाने एक मोठा फेरफार झाला आणि सीमाही गेल्या, क्रमही गेला. कोणीही, कोणत्याही पायरीवर असताना, टॅम्रिएलच्या कोणत्याही प्रांतात जावे. तेथील शत्रूंशी तो बरोबरीने लढू शकेल इतके बळ खेळच त्याला देईल. यालाच लेव्हल स्केलिंग म्हणतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉरक्राफ्टच्या ‘लीजन’ या भागातील प्रांतही येणाऱ्याच्या पायरीप्रमाणे आपली पायरी ठरवू लागले, आणि जानेवारी 2018 मध्ये जुन्या मुलुखांनाही, काही मर्यादा ठेवून, तोच नियम लागला.

योगायोग असा, की 2016 हेच आमच्या सातव्या वेतन आयोगाचे वर्ष. तेव्हापासून आम्हा केंद्र सरकारच्या नोकरांच्या पगारालाही ‘लेव्हल’ हाच शब्द चिकटला आहे. प्रस्तुत लेखक सध्या चौथ्या लेव्हलवर आहे. वाचकांपैकी पुष्कळांना महागाई भत्त्याचा अनुभव असल्याने स्केलिंगचे मर्म त्यांना चटकन कळेल. जानेवारीत आणि जुलैत भत्त्याचा आकडा वाढतो, आणि मल्लेश्वरमच्या बाजारात पिशवी तेवढीच भरते. आकडा चढला, माणूस जागच्या जागी. भत्त्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्याचे कामच मुळी माणसाला जागच्या जागी राखण्याचे. पण ज्या कृतीचे सारे आश्वासनच चढण्याचे आहे तिने भत्त्याचे गणित स्वीकारावे, यात काही विपरीत आहे.

ते विपरीत किती थराला जाते याचे उदाहरण 2006 च्या ‘ऑब्लिव्हियन’ने दिले होते. हा एकट्याने खेळावयाचा खेळ, पण याच घराण्यातला. त्यात नायकाबरोबर जवळजवळ सगळे जग बळावत असे. नायक पुरेसा वर चढला की आडवाटेवरचे भणंग दरोडेखोरही अतिमौल्यवान काचेची चिलखते घालून उभे, आणि मागणी काय, तर थोड्याशा मोहरा! ज्याच्या अंगावर जहागिरीची किंमत आहे त्याने वाटमारी का करावी, हा प्रश्न खेळाडूंनी हसत हसत विचारला. परंतु तो कादंबरीच्या समीक्षकाने विचारावयाचा गंभीर प्रश्न आहे. पात्राची परिस्थिती आणि पात्राचे वर्तन यांची फारकत झाली की जग कोसळते. याहून मासलेवाईक प्रकार वॉरक्राफ्टमध्ये मार्च 2017 च्या सुमारास घडला. शत्रूंचे बळ तेथे खेळाडूच्या शस्त्रास्त्रांच्या मोलावरही ठरू लागले, आणि अंगावरची काही आयुधे उतरवून ठेवली तर शत्रूही सौम्य होतो, असे खेळाडूंच्या ध्यानात आले. मिळवलेले मिरवू नये, असा हा वैराग्याचा उपदेश एका युद्धखेळाने अजाणता केला.

मर्ढेकरांनी सौंदर्यविचारात लयीची तीन तत्त्वे मांडली: संवाद, विरोध आणि समतोल. ती येथे लावून पाहावीशी वाटतात. स्केलिंगने समतोल साधतो, नव्हे, तो अतोनात साधतो; प्रत्येक झुंज जणू तागडीत तोलून दिलेली. संवादही राहतो. नाहीसा होतो तो विरोध. भयाच्या शेजारी निर्भयता, दुबळेपणाच्या शेजारी सामर्थ्य, या जोड्याच उरत नाहीत.

येथपर्यंतचे विवेचन मी निर्विकारपणे करू शकतो. पुढचे करू शकत नाही.

गेली काही वर्षे मी बेंगळुरूला आहे. माझा भाचा पुण्यास असतो. मी त्याच्यापासून दूर आलो तेव्हा तो शाळेत होता. आता महाविद्यालयात आहे, आणि दूरध्वनीवर मामाशी बोलावयाचे विषय त्याच्यापाशी फारसे उरलेले नव्हते. ‘काय चाललंय?’ ‘काही नाही.’ बदलीच्या नोकरीत असलेल्यांना हा संवाद पाठ असेल. टॅम्रिएलमध्ये मात्र तो मोठा मानकरी. एका शनिवारी रात्री त्याने मला तेथे नेले. मी तिसऱ्या पायरीवर, तो सगळ्या पायऱ्या संपवून बसलेला. जुन्या नियमाने मला त्याच्याबरोबर पाऊल टाकता आले नसते. त्याच्यापर्यंत पोहोचावयास कार्यालयाचे काम सांभाळून मला वर्ष लागले असते, आणि तोवर त्याचे लक्ष दुसरीकडे गेले असते. मी विचारले, “माझ्याच्याने झेपेल अशा ठिकाणी जाऊ या का?” तो म्हणाला, “मामा, कुठेही चला, सगळं सारखंच आहे.”

त्याने धीर देण्यासाठी ते म्हटले. मी त्या रात्री तीन तास त्याच्याबरोबर हिंडलो; नदीकाठची उद्ध्वस्त देवळे पाहिली, आणि अनेक महिन्यांत बोललो नव्हतो इतके त्याच्याशी बोललो. त्याच्या परीक्षेतल्या अपयशाची गोष्ट, जी त्याने घरी सांगितली नव्हती, ती मला एका दलदलीतल्या भुताखेतांशी लढताना कळली. तेव्हा स्केलिंगला सरसकट दोष देणे मला कृतघ्नपणाचे वाटते. जुन्या शिडीत एक निर्दयपणा होता. ज्याला वेळ आहे तोच वर जाई, आणि मित्रांमित्रांत, भावाभावांत अंतर पडे. नोकरदाराला त्या जगात नेहमी पायथ्याशीच बसावे लागे.

आणि तरीही ‘सगळं सारखंच आहे’ हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. कारण मुक्त भटकंतीचे जे आकर्षण म्हणून सांगितले जाते त्याच्या मुळाशीच ते घाव घालते. कोठेही जाता येणे म्हणजे भटकंती नव्हे. महानुभावांनी चक्रधरांच्या अटनाच्या आठवणी जपताना ‘स्थानपोथी’ का रचली? स्थान हे स्थान आहे, दुसऱ्यासारखे नाही, म्हणून. येथून जवळच मागडी तालुक्यात सावनदुर्ग आहे. एकाच शिळेचा प्रचंड डोंगर. पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्ध्यातून परतलो. दुसऱ्यांदा वर पोहोचलो. मधल्या काळात सावनदुर्ग तसूभरही बदलला नव्हता, आणि म्हणूनच मी काय बदललो ते मला कळले. टॅम्रिएलमध्ये असे अर्ध्यातून परतणे उघड्या मुलुखात क्वचितच घडते. एकट्याला न आवरणारे काही राक्षस आणि संघाने उतरावयाची भुयारे तेथे आहेत, पण ती बाजूला काढून ठेवलेली. चालत्या वाटेवर ती आडवी येत नाहीत. वाळवंट, हिमप्रदेश, दलदल यांचे रंग निराळे, झाडे निराळी. परंतु पावलाला जाणवणारा चढ एकच. ही दृश्ये घडविणारे कारागीर थोर आहेत, यात संशय नाही. याच शहरात 1997 पासून ‘ध्रुव इंटरॅक्टिव्ह’ने परदेशी खेळांसाठी अशी कलाकुसर केली, 2019 मध्ये ती संस्था ‘रॉकस्टार’कडे गेली. पण भूगोल केवळ दृश्य नसतो, तो प्रतिकारही असतो.

कथानकाचेही असेच झाले आहे. क्रम गेल्यामुळे प्रत्येक प्रांताची गोष्ट स्वयंपूर्ण करावी लागते. कोणी कोठूनही शिरेल. कादंबरीचा कथासंग्रह होतो. कथासंग्रह वाईट नव्हे, पण आपल्याला माहीत नसलेले एखादे पात्र ओळखीचे हसू लागले की दुसरा खंड आधी हाती आल्यासारखे होते.

यावर एक तोड 2012 च्या ‘गिल्ड वॉर्स 2’ने काढली होती, आणि ती मला अधिक समंजस वाटते. तेथे प्रांतांच्या पातळ्या ठरलेल्याच आहेत. मात्र वरचा माणूस खालच्या प्रांतात आला तर त्याचे बळ त्या प्रांतापुरते उतरते. उतरते, पण शिकलेली कौशल्ये त्याच्यापाशी राहतात, आणि नवख्यापेक्षा तो थोडा सरसच ठरतो. म्हणजे थोरला धाकट्यासाठी खाली बसतो, जग मात्र कोणासाठी वाकत नाही. उंच डोंगर उंचच राहतो, आणि मामा-भाचे बरोबर हिंडू शकतात, फक्त मामाच्या मुलुखात. ऑगस्ट 2019 मध्ये वॉरक्राफ्टच्या कर्त्यांनी ‘क्लासिक’ या नावाने जुने, न वाकणारे जगही पुन्हा खुले केले आणि असंख्य लोक तेथे परतले, यातही या उणिवेची कबुली दिसते.

मी भाच्याला गिल्ड वॉर्सविषयी सुचवून पाहिले. त्याने थोडा वेळ पाहिले आणि म्हणाला, “मामा, मला तिथे पुन्हा लांडगे मारायला लावू नका.” तेव्हा शनिवारी रात्री दहा वाजता, जेवणे आटोपल्यावर, आम्ही टॅम्रिएलमध्येच असतो. गेल्या खेपेस त्याने मला वाट दाखवावयास सांगितले. मी नकाशावर डोळे मिटून बोट ठेवले.