मुक्त चित्रं, निनावी चित्रकार

एक पीएनजी फाइल. रुंदी ५७६ पिक्सेल, उंची २५६. आत चार ओळी, प्रत्येक ओळीत ६४ बाय ६४ चे नऊ चौकोन, आणि त्या चौकोनांतून एक माणूस वर, डावीकडे, खाली, उजवीकडे चालतो आहे. शरीर एकाने काढलंय, केस दुसऱ्याने, सदरा तिसऱ्याने. ढाल चौथ्याची, आणि तिचा रंग बदलून देणारा पाचवाच. हे थर एकावर एक ठेवले की गेममधलं एक पात्र तयार होतं. हे पाचजण बहुधा एकमेकांना कधी भेटलेले नसतात. तरी सदरा खांद्यावर नेमका बसतो, कारण सगळ्यांनी एकच मापं पाळलेली असतात.

ही मापं २०१२ साली ठरली. क्रिएटिव्ह कॉमन्स, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन, मोझिला आणि ओपनगेमआर्ट हे संकेतस्थळ यांनी मिळून ‘लिबरेटेड पिक्सेल कप’ नावाची स्पर्धा घेतली. आधी मूळ चित्रसंच करून घेतला. त्यातल्या टाइल्स मुख्यतः लानिया झिमरमन यांच्या आणि पात्रं स्टीफन चॅलेनर यांची. प्रकाश कुठून पडतो, बाह्यरेषा किती गडद हवी, झाडाचा बुंधा कोणत्या कोनातून दिसतो, हे सांगणारी शैलीची नियमावली लिहिली. मग जूनमध्ये चित्रकारांना आणि जुलैमध्ये प्रोग्रामरना मैदान मोकळं करून दिलं. परवाना दुहेरी ठेवला: क्रिएटिव्ह कॉमन्सचा बीवाय-एसए ३.० (नाव द्या, आणि बदललेलं काम याच अटींवर वाटा) किंवा मुक्त सॉफ्टवेअरचा जीपीएल ३. स्पर्धा संपली तरी संच वाढतच राहिला. इतक्या अनोळखी हातांनी इतकी वर्षं एकाच शैलीत चालवलेलं दुसरं काम मुक्त गेम-चित्रकलेत मला दिसत नाही.

आणि याच संचाचे तुकडे ठिकठिकाणी बेवारस फिरताना दिसतात. कुणाच्या तरी झिपमध्ये, ‘फ्री आरपीजी असेट्स’ अशा नावाखाली, चित्रकाराच्या नावाशिवाय.

या क्षेत्रात पूर्वी काय होतं ते आठवलं तर आजची श्रीमंती कळते. मुक्त गेम लिहायला प्रोग्रामर मिळायचे, चित्रकार मिळायचे नाहीत. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ने स्वतःचे चित्रकार घडवले. त्यातली व्यक्तिचित्रं नंतर इतकी तयारीची झाली की जुन्या आवृत्तीतले चेहरे पाहून हसू येतं. ‘झीरो एडी’ या प्राचीन काळावरच्या गेमने २००९ मध्ये आपला कोड जीपीएलखाली आणि चित्रं बीवाय-एसएखाली खुली केली. प्राचीन इमारतींच्या अभ्यासात त्यांचा हात धरणारं मुक्त काम आजही नाही. ‘टायरियन’ या १९९५ च्या गेमचे चित्रकार डॅनियल कुक यांनी २००७ मध्ये त्यातली चित्रं लोकांना वापरायला देऊन टाकली. २००९ मध्ये बार्ट केल्सी यांनी ओपनगेमआर्ट सुरू केलं आणि विखुरलेल्या या मालाला एक कोठार मिळालं. तिथे सुरुवातीपासून एक शहाणपणाचा नियम आहे. ‘व्यावसायिक वापर नको’ किंवा ‘बदल करू नका’ म्हणणारे परवाने तिथे चालत नाहीत. मुक्त म्हणजे मुक्त.

मग आला केनी. या डच निर्मात्याचे हजारो स्प्राइट, आयकॉन आणि थ्रीडी मॉडेल सीसीझीरोखाली आहेत, म्हणजे सगळे हक्क सोडून दिलेले. नाव दिलंत तर आनंद आहे, सक्ती नाही, असं तो स्वतःच लिहितो. काम स्वच्छ, रंग प्रसन्न, फाइलींची नावं शिस्तीत. शाळकरी मुलांना गेम शिकवायला याहून चांगलं साहित्य नाही. पण दर दुसरा हौशी गेम त्याच गोल कडांचा, त्याच हिरव्या गवताचा दिसायला लागला, हेही खरं. हा दोष अर्थातच केनीचा नाही.

माल भरपूर झालाय, पण कुठला माल कुणाचा याची नोंद पातळ झाली आहे. या कलेची आजची स्थिती मला अशी दिसते.

दुसऱ्याचं काम पुढे देणाऱ्यांवर टीका होते तेव्हा बोट नेहमी गेम करणाऱ्याकडे जातं. त्याने श्रेय दिलं नाही, त्याने फुकटचा माल वापरून पैसे केले. पैशाचा मुद्दा तर मुळातच चुकीचा आहे. बीवाय, बीवाय-एसए, जीपीएल, सीसीझीरो, सगळे विक्रीला परवानगी देतात. खरं नुकसान करतो तो संग्राहक, आणि तो बहुतेक वेळा भला माणूस असतो. तो वीस-पंचवीस पॅक उतरवतो. ‘झाडं’, ‘घरं’, ‘राक्षस’ असे फोल्डर करतो. प्रत्येक पॅकमधली परवान्याची आणि श्रेयाची टेक्स्ट फाइल अडगळ वाटते म्हणून काढून टाकतो. झिप करतो, ड्राइव्हवर चढवतो, ‘मित्रांनो, खास तुमच्यासाठी’ म्हणून वाटतो. त्यानंतर ती झिप घेणारा कितीही प्रामाणिक असला तरी त्याला नाव देता येत नाही. नाव उरलेलंच नसतं. गेम करणाऱ्याने नाव वगळलं तर एका गेमपुरतं वगळलं जातं. संग्राहकाने वगळलं की पुढच्या सगळ्यांसाठी वगळलं जातं.

कायद्याच्या नजरेनेही हे साधं नाही. बीवाय-एसए ३.० मध्ये अट मोडली की परवाना आपोआप संपतो, नोटीस वगैरे काही लागत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीने थोडी सवलत दिली. चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केली तर परवाना परत मिळतो. पण लिबरेटेड पिक्सेल कपचा मूळ संच ३.० चा आहे. नाव काढून तो वाटणारा माणूस स्वतः परवान्याबाहेर गेलेला असतो. आणि श्रेयाची अट ही नुसती विनंती आहे, असा समज असेल तर २००८ चा जेकबसन विरुद्ध कॅट्झर हा अमेरिकी खटला पाहावा. प्रकरण खेळण्यातल्या रेल्वेचं होतं. तिच्या मुक्त सॉफ्टवेअरमधल्या फाइली लेखकांची नावं गाळून दुसऱ्या उत्पादनात घातल्या होत्या. फुकट दिलेल्या कामाच्या अटीसुद्धा बंधनकारक असतात, त्या मोडणं हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असं अपील न्यायालयाने सांगितलं.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत कलावंताच्या आणखी बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ लेखक-चित्रकाराला आपलं नाव सांगण्याचा आणि कामाची विटंबना रोखण्याचा हक्क देतं, आणि कॉपीराइट दुसऱ्याला विकल्यावरही तो हक्क त्याच्याकडेच राहतो. विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने काढून गोदामात टाकलं, तेव्हा याच कलमाच्या आधारे २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याचे अवशेष त्यांना परत करायला लावले आणि पाच लाख रुपये भरपाई दिली. हा न्याय ३२ पिक्सेलच्या टाइलला लागू करायला कुणी कोर्टात जाणार नाही. पण नावाचा हक्क हा पैशाच्या हक्काहून वेगळा आहे, हे तत्त्व आपल्या कायद्यातच आहे, परदेशातून आलेला शिष्टाचार नव्हे.

अभंगाच्या शेवटच्या चरणात नाममुद्रा असते. गाणाऱ्याला वाटलं तरी तुकोबांचं नाव गाळता येत नाही, चरणच मोडेल. चित्राला ही सोय नाही. पीएनजीच्या रचनेत लेखक आणि कॉपीराइट लिहायला जागा ठेवलेली आहे, पण अनेक स्प्राइट मिळून एक मोठी शीट बनवणारी साधनं ती बहुधा टाकून देतात, समाजमाध्यमंही. त्यामुळे नाव टिकतं ते चित्राशेजारच्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. लिबरेटेड पिक्सेल कपच्या चाहत्यांनी यावर उपाय काढला. पात्र जुळवून देणारं जे जनरेटर आहे, त्यात तुम्ही केस, सदरा, ढाल निवडली की चित्राबरोबर श्रेयाची यादीही उतरवता येते: कोणता थर, कुणी काढला, कोणत्या परवान्याखाली, मूळ पान कुठे. एका पात्रामागे कधीकधी डझनभर नावं निघतात. लोक या यादीला कंटाळतात. मला मात्र या सगळ्या चळवळीतली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, चित्रांहूनही.

सीसीझीरोवाले इथे हरकत घेतील. चित्रकारानेच नाव नको म्हटलंय, मग तुम्ही कशाला आग्रह धरता? कायद्याने त्यांचं बरोबर आहे. पण नाव लिहायचं कारण आभार एवढंच नाही. या क्षेत्रातला जुना रोग म्हणजे चोरीच्या मालाला परवाना चिकटवणं. जुन्या कन्सोल गेममधून स्प्राइट ओरबाडायचे, दोन रंग बदलायचे आणि सीसीझीरो म्हणून चढवायचे. चढवणाऱ्याकडे हक्क नव्हताच, तर तो सोडणार काय? कोठारांचे स्वयंसेवक केवळ डोळ्यांच्या ओळखीवर असे नमुने पकडतात आणि हटवतात, तोवर ते शंभर ठिकाणी गेलेले असतात. परवान्यात माल अस्सल असल्याची हमीही नसते. ‘आहे तसं’ दिलं जातं. अशा वेळी मूळ पत्ता तुटलेलं केनीचं झाड आणि कुणीतरी चोरलेलं झाड यांत फरक करायचा कसा? म्हणून सीसीझीरोच्या चित्राबरोबरही उगम लिहिलाच पाहिजे. दुसऱ्याचं काम पुढे देणारा माणूस नकळत त्याची ग्वाही देत असतो.

उगम स्पष्ट असला की काय होतं, याचं चांगलं उदाहरण म्हणजे ‘ग्लिच’. टायनी स्पेक कंपनीचा हा लाडका ऑनलाइन गेम डिसेंबर २०१२ मध्ये बंद पडला. (याच कंपनीचं पुढे स्लॅक झालं.) पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कंपनीने त्यातली दहा हजारांहून जास्त चित्रं आणि इतर साहित्य सीसीझीरोखाली खुलं केलं. फक्त ग्लिचचा लोगो आणि ट्रेडमार्क स्वतःकडे ठेवले. काय दिलं, काय नाही, कुणी दिलं, तारीख कोणती, सगळं स्वच्छ. चाहत्यांनी त्यावरून तो गेम पुन्हा उभारायला घेतला, आणि त्या चित्रांना संशय कधी शिवला नाही.

परवान्यांमध्ये आणखीही काही बारीक गाठी आहेत. जीपीएल ‘मूळ स्रोत’ द्यायला सांगतं. पण चित्राचा स्रोत म्हणजे काय, थर असलेली फाइल की शेवटचा पीएनजी, यावर वाद संपत नाही. ॲप स्टोअरचं नक्कल अडवणारं कुलूप आणि क्रिएटिव्ह कॉमन्सची कुलपाला मनाई यांचा झगडा टाळायला ओपनगेमआर्टने ती अट काढलेला ओजीए-बीवाय हा स्वतःचा परवाना केला. जो हे परवाने काळजीपूर्वक वाचेल त्याला हे सुटतं. उलट बाजूला असेही महाभाग आहेत जे मुद्दाम क्रिएटिव्ह कॉमन्सच्या जुन्या आवृत्तीखाली चित्र ठेवतात आणि श्रेयात बारीक चूक सापडली की वसुलीची नोटीस धाडतात. श्रेयाचा आग्रह धरणाऱ्यांनी या धंद्याचा निषेधही तितक्याच जोरात करायला हवा. चुकलेल्याला आधी साधा निरोप, मग बाकीचं.

एआयचा प्रश्न नुसता लिहिला तरी पान भरेल. इथे एवढंच, की २०२४ च्या अखेरीस इच डॉट आयओने असेट विकणाऱ्या-वाटणाऱ्यांना जनरेटिव्ह एआय वापरलंय की नाही हे सांगणं बंधनकारक केलं. प्रश्न पुन्हा उगमाचाच आहे. हजारो चित्रकारांच्या कामावर शिकलेल्या यंत्राने काढलेलं झाड ‘माझं’ म्हणून सीसीझीरोखाली ठेवणारा आणि वर सांगितलेला स्प्राइट ओरबाडणारा यांच्यात मला प्रकाराचा फरक दिसत नाही, अंतराचा दिसतो.

मराठीत गेम करणाऱ्यांनाही हा विषय परका नाही. मेनूवर देवनागरी हवी म्हणून अनेकजण मुंबईच्या एक टाइपचे ‘बालू’ किंवा ‘मुक्ता’ हे फॉन्ट घेतात. ते ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत: गेमबरोबर द्या, गेम विका, चालतं, नुसता फॉन्ट विकता येत नाही, आणि कॉपीराइटची सूचना व परवाना प्रत्येक प्रतीबरोबर गेला पाहिजे. ओएफएल डॉट टीएक्सटी ही फाइल त्यासाठीच असते. ती डिलीट करू नका. आणि कुणाचा पॅक आवडला, मित्राला द्यावासा वाटला, तर झिप पाठवू नका. चित्रकाराच्या पानाचा दुवा पाठवा.