पोरीच्या हातातला झाडू

गेल्या आठवड्यात मी माझ्या साडेतीन वर्षांच्या पोरीच्या हातातला झाडू हिसकून घेतला. आजीचं बघून तिनं तो उचलला होता आणि दारातली धूळ इकडची तिकडं करत होती. मी रात्रपाळी करून आलेलो. डोकं फिरलं. पोर रडली. आई म्हणाली, "आरं, खेळतीया ती. तुझं काय गेलं?"

काय गेलं ते सांगतो. मी चौथीत असताना वर्ग झाडायला आमच्याच वस्तीतली चार पोरं उठायची. यादी नव्हती. मास्तर नावसुद्धा घ्यायचे नाहीत. आम्ही आपणहून उठायचो. मित्रांनो, हा 'आपणहून' शब्द ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

आणि त्याच दिवशी एका शाळेचं पत्रक हातात पडलं. वर 'मॉन्टेसरी', आत चकचकीत फोटो. एका फोटोत गोरंगोमटं पोर, त्याच्या हातात छोटा रंगीत झाडू. खाली लिहिलेलं, 'मुलं स्वतःच्या आवडीने, स्वतःच्या हाताने शिकतात.' फी माझ्या दोन पगारांपेक्षा जास्त. मी पत्रक घेऊन उभाच राहिलो. त्यांच्या पोराच्या हातात झाडू आला की शिक्षण, माझ्या पोरीच्या हातात आला की जात. हे कसं काय?

मी समीक्षक नाही. दहावीनंतर सूतगिरणीत लागलो, रिंग फ्रेमवर तुटलेले धागे सांधतो आणि उरलेल्या वेळात कविता करतो. पण हा प्रश्न डोक्यातनं जाईना म्हणून वाचनालयातनं पुस्तकं आणली. वाचलं ते इथं मांडतो. आपल्या लिखाणात शाळा येते ती छडी घेऊन आणि दाराबाहेरची जागा घेऊन. बालवाडीवर आपण कुणीच लिहीत नाही. जणू तीन ते सहा वर्षांच्या पोराला जात शिवतच नाही.

पहिली गोष्ट कळली ती ही, की मॉन्टेसरी श्रीमंतांची नव्हतीच. मारिया मॉन्टेसरी ही इटलीची डॉक्टरीण. तिनं पहिलं बालघर काढलं 6 जानेवारी 1907 ला, रोमच्या सान लोरेन्झो भागात. ही कामगारांची वस्ती. आईबाप कामावर, पोरं चाळीत मोकाट. एका कंपनीनं तिथल्या चाळी दुरुस्त केल्या होत्या. पोरं जिने-भिंती घाण करतात, त्यांना एका खोलीत सांभाळायला कुणीतरी हवं, एवढाच मालकांचा हिशेब. म्हणजे आधी भिंती वाचवायच्या होत्या. पोरांचं काय ते नंतर. मालक सगळीकडं सारखाच.

पण त्या बाईनं त्या खोलीत वेगळंच काही केलं. पोरांच्या उंचीची टेबलं, पोरांचा हात पोचेल अशी कपाटं. वस्तू ज्याची त्यानं घ्यायची, जागेवर ज्याची त्यानं ठेवायची. कुठली घ्यायची ते पोरानं ठरवायचं. मास्तरणीनं बघायचं, गरज पडली तर हात द्यायचा, नाहीतर बाजूला व्हायचं. तिची पहिली मास्तरीणही शिकली-सवरलेली शिक्षिका नव्हती.

एक प्रसंग तिनं लिहून ठेवलाय. एकदा तिनं पोरांना शेंबूड कसा पुसायचा ते शिकवलं. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता नाक कसं साफ करायचं. शिकवून झालं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिला आधी कळेना. मग उमगलं, की या पोरांना नाकावरून आजवर सगळ्यांनी हिणवलं होतं, पण नाक पुसायचं कसं ते नीट कुणी दाखवलंच नव्हतं. इथं मी पुस्तक खाली ठेवलं. आपल्यातल्या प्रत्येकानं 'शेंबडी पोरं' हा शब्द ऐकलाय. कुठल्या वस्तीची म्हणून, तेही ऐकलंय.

दुसरी गोष्ट हाताची. तिथल्या अडाणी आयांनीच येऊन सांगितलं, पोरांना लिहावाचायला शिकवा. मग तिनं खरखरीत कागदाची अक्षरं कापून गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवली. पोरानं बोट फिरवायचं. डोळ्याच्या आधी बोटाला अक्षर कळतं. एके हिवाळी दिवशी गच्चीवर एका पाच वर्षांच्या पोराला तिनं खडूनं धुराडं काढायला सांगितलं. त्यानं काढलं, मग ओरडला, मला लिहिता येतंय! आणि जमिनीवर पहिला शब्द लिहिला, हात.

मी गिरणी कामगार. हे मला पटवून द्यायला पुस्तक लागत नाही. धागा सांधायला मला कुणी तोंडानं शिकवलं नाही. जुन्या कामगारानं माझी बोटं धरून दाखवलं. आज अंधारातसुद्धा बोटाला धागा कळतो. हात शिकतो, हे खरंच आहे. पण इथंच माझा अर्धा सवाल उभा राहतो. माझे हात इतकं शिकले, तरी मी मोकळा झालो का? मशीन कधी सुरू, कधी बंद, किती फेऱ्या मारायच्या, हे माझे हात ठरवत नाहीत. आमच्या बापजाद्यांचे हात तर पिढ्यान्‌पिढ्या शिकलेले. कातडं कमावायला, दोर वळायला, मेलेलं ढोर ओढायला. हातानं शिकणं एवढ्यानंच माणूस सुटत असता तर या देशात सगळ्यात आधी आपण सुटलो असतो.

म्हणून या पद्धतीचा जीव हातात नाही, निवडीत आहे. पोरानं झाडू उचलला आणि मनात आलं तेव्हा खाली ठेवला, तर ते शिक्षण. खाली ठेवता येत नसेल तर ती वेठ. आम्ही चौथीत आपणहून उठायचो, पण आपणहून बसून राहायची सोय नव्हती.

आता आपल्या मुलखाकडं या. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आल्या. 1936 ला त्यांनी दादरला शिशुविहार काढलं, 1945 ला समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालवाडी. तिथं अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या. पुढं दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या पोरांत काम केलं. विकतचं महाग सामान त्यांनी बाजूला सारलं. शिंपले, खडे, बिया, माती, पानं यावर पोरं मोजायला शिकली. अस्पृश्य वस्तीतली पोरं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. हे छोटं काम नाही. या दोन बायांचं ऋण मी मान्य करतो.

पण मान्य करूनही एक विचारायचं राहतं. पोरं का येत नव्हती? शाळा आमच्या अंगणात आली, हे चांगलं झालं. पण गावातलं पोर आमच्या अंगणात येऊन त्याच शिंपल्यांना हात लावून बसलं का? ही सगळी पद्धतच स्पर्शाची आहे. हात लाव, चाचपून बघ, उचल, दुसऱ्याच्या हातात दे. आणि हा देश अस्पर्शाचा. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना बसायला स्वतःचं गोणपाट न्यावं लागायचं. नळाला हात लावता यायचा नाही. शिपायानं तोटी सोडली तर पाणी, नाहीतर तहान. ज्या देशात पोराला नळाला हात लावू दिला नाही, तिथं स्पर्शातनं शिकवायची पद्धत आणणं म्हणजे जातीवर घाव घालणं. तो घाव पुरा बसला नाही. शिंपले आले, खडे आले, घाव अर्ध्यात राहिला. आमच्या विद्वानांनी बालशिक्षणावर लिहिताना साधनांची यादी केली, पण त्या साधनांना कुणाकुणाचे हात एकत्र लागले ते विचारलं नाही.

अंगणवाडी हा शब्द पुढं सरकारनं घेतला. 2 ऑक्टोबर 1975 ला देशात 33 ठिकाणी योजना सुरू झाली, आता गावोगाव आहे. 2023 ला तीन ते आठ वर्षांच्या पोरांसाठी खेळण्यांचा 'जादुई पिटारा' निघाला. चांगलं आहे. पण शिकवायचं, वजन करायचं, खाऊ द्यायचा, रजिस्टर भरायचं, हे सगळं सेविकेनं करायचं आणि तिला पगार नाही, मानधन. जिच्या स्वतःच्या हाताला मोल नाही, ती पोराच्या हाताला मोल कुठनं देणार?

म्हणून मॉन्टेसरी नको असं मी म्हणत नाही. उलट ती मूळची आपलीच आहे, कामगाराच्या चाळीत जन्मलेली. ती परत मागायला पाहिजे. पाटी लावलेली असो, अंगणवाडी असो, आत गेलं की तीन गोष्टी बघायच्या. झाडू सगळ्यांच्या हातात पाळीनं येतो का? पोराला 'नको' म्हणता येतं का? आणि खाऊ कुणाच्या हातचा, पाणी कुणाच्या हातचं? या तिन्हीला उत्तर नसेल तर भिंतीवर कितीही फुलं रंगवा, ती शाळा जुनीच.

पोरीचं सांगायचं राहिलं. झाडू मी परत खाली ठेवला, तिच्या हाताला येईल असा. शेजारी पाटी आणि खडू ठेवला. मनात होतं, पोरगी खडू उचलेल आणि माझं लिखाण झकास संपेल. तिनं दोन्हीला हात लावला नाही. मांजराच्या मागं पळाली. मी उंबऱ्यावर बसून बघत राहिलो. मध्ये न पडता बघत बसणं आपल्याला जड जातं, कारण आपल्याला कुणी असं बघितलेलंच नाही. सगळ्यांनी नजर ठेवली.

पाळीला निघताना बघितलं तर झाडू दारात आडवा पडलेला आणि पाटीवर खडूच्या चार वाकड्या रेघा. कधी ओढल्या कळलं नाही. मी विचारलंही नाही.

तुमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत एक दिवस जाऊन बसा. काय दिसलं ते लिहून पाठवा.