वास्तू दिसते, वस्ती दिसत नाही

वास्तुरचनाकारांवरच्या माहितीपटांचा एक साचा आता पक्का झाला आहे. कोवळं ऊन, उघड्या काँक्रीटच्या भिंतीवरून हळूहळू सरकणारा कॅमेरा, मागे पियानो नाहीतर सरोद. मग पांढऱ्या केसांचे, गोल चष्म्याचे एक वयोवृद्ध गृहस्थ वहीत रेघा ओढत प्रकाशाविषयी बोलू लागतात. जिन्यात कोणी नसतं, दोरीवर कपडे नसतात. काल गृहप्रवेश झाला आणि आज सगळे गावाला गेले, अशी ती इमारत दिसते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत असे पट जगभर उदंड निघाले. त्यांचे स्वतंत्र महोत्सवही भरू लागले. न्यूयॉर्कमध्ये 2009 साली सुरू झालेला असा एक महोत्सव जानेवारी 2025 मध्ये मुंबईच्या एनसीपीएपर्यंत आला. सोलापुरापर्यंत यातलं फारसं काही पोचत नाही. पण या पटांचं मोजमाप घ्यायला सोलापूर ही फार चांगली जागा आहे. कष्टकऱ्याला हवेशीर आणि परवडणारं घर मिळेल, हे आधुनिक वास्तुकलेनं दिलेलं सगळ्यांत मोठं वचन होतं आणि ते इथे अजून हिशेबात आहे.

आधी या प्रकारातलं उत्तम काय, ते पाहू. नॅथॅनिएल कान यांचा 'माय आर्किटेक्ट' (2003) अजून मागे पडलेला नाही. लुई कान 1974 साली अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकात वारले. त्यांच्या मुलानं वडिलांना त्यांच्या इमारतींतून शोधलं, तोच हा पट. शेवट ढाक्याच्या संसद भवनात होतो. तिथे शमसुल वारेस हे बांगलादेशी वास्तुरचनाकार डोळ्यांत पाणी आणून सांगतात की, या माणसानं आम्हाला लोकशाहीची वास्तू दिली. हा प्रसंग उरतो, कारण इमारत ज्यांच्यासाठी होती त्यांच्यातला माणूस तिथे प्रथमच बोलतो. पुढच्या दिग्दर्शकांनी मात्र या पटातून वडील घेतले आणि वारेस सोडून दिले.

आपल्याकडे सर्वाधिक कॅमेरा लाभला तो बाळकृष्ण दोशींना. 1927 साली पुण्यात जन्मलेले, जे. जे.त शिकलेले, पॅरिसला ल कॉर्बुझिएच्या कार्यालयात घडलेले आणि पुढे अहमदाबादचे झालेले दोशी बोलायला लागले की ऐकत राहावं असे होते. प्रेमजित रामचंद्रन यांनी त्यांच्यावर दोनदा पट केला. दोशी जानेवारी 2023 मध्ये गेले. त्याच वर्षी यान श्मिट-गारे यांचा 'द प्रॉमिस' आला. हे पट प्रेमळ आहेत, आणि तीच त्यांची अडचण आहे. दोशी हसतात, 'संगत' या आपल्या कार्यालयाच्या पांढऱ्या कमानींखाली बसतात, आयुष्य म्हणजे उत्सव असं काहीसं सांगतात आणि प्रश्न विचारणारा विरघळतो. इंदूरच्या 'अरण्य' वसाहतीला 1995 मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. तिथली कल्पना अशी होती की घर संपूर्ण बांधून द्यायचं नाही. जोतं, नळ, संडास द्यायचा आणि बाकीचं घर कुटुंबानं ऐपतीप्रमाणे वाढवत न्यायचं. म्हणजे या वास्तूचे निम्मे कर्ते रहिवासीच. अशा वसाहतीवर बोलायचं आणि बोलणारा एकच, हे मला पटत नाही.

चार्ल्स कोरियांची गोष्ट जरा निराळी आहे. त्यांनी 1975 साली फिल्म्स डिव्हिजनसाठी स्वतःच 'सिटी ऑन द वॉटर' हा छोटा पट केला होता: मुंबईची कोंडी दाखवायची आणि खाडीपलीकडे नवं शहर का हवं ते पटवून द्यायचं. वकिली उघड आहे, पण त्यात लोकल आहे, घाम आहे, घर शोधणारा माणूस आहे. पुढे अरुण खोपकरांनी कोरियांवर 'व्हॉल्यूम झीरो' केला. मराठीत सिनेमावर खोपकरांइतकं नेटकं लिहिणारे थोडे. 'गुरुदत्त: तीन अंकी शोकांतिका' या त्यांच्या पुस्तकाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. त्यांना इमारतीतली लय कळते, कुठे तोडायचं ते कळतं. पडद्यावर अवकाश दाखवणं ही या प्रकारातली खरी कसोटी, कारण पडदा सपाट असतो. तिथे खोपकर बाकीच्यांपेक्षा कितीतरी पुढे आहेत. तरीही हा पट कोरियांच्या विचारांचा आहे. बेलापूरच्या त्यांच्या वसाहतीत लोकांनी ती बैठी घरं पाडून सिमेंटचे बंगले का उठवले, हा वेगळाच पट होईल आणि तो व्हायला हवा.

अच्युत कानविंदे हे आपल्या कोकणातल्या आचऱ्याचे. हार्वर्डला ग्रोपिअसच्या हाताखाली शिकले. आयआयटी कानपूर, मेहसाण्याची दूधसागर डेअरी, मुंबईचं नेहरू विज्ञान केंद्र हे त्यांचं काम. दोशी-कोरियांच्या मानानं पडदा त्यांच्या वाट्याला फार कमी आला. ते मितभाषी, आणि इमारती प्रयोगशाळांच्या, डेअऱ्यांच्या. डेअरीवर पट करायचा तर दुधापासून सुरुवात करावी लागते, तेवढी उस्तवार कोण करणार!

फिल्म्स डिव्हिजनचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. 1948 पासून पुढे कित्येक वर्षं मुख्य चित्रपटाआधी हे सरकारी पट दाखवणं थिएटरांना सक्तीचं होतं. त्यामुळे गिरणीची पाळी सुटल्यावर सिनेमाला गेलेल्या सोलापूरच्या कामगारानं धरणं, पोलादाचे कारखाने, नव्या वसाहती पडद्यावर पाहिल्या. त्या पाहायला तो गेला नव्हता, हे खरं. आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांचा 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर' याच फिल्म्स डिव्हिजनचा. 1967 साली बर्लिनला त्याला लघुपटाचं सुवर्ण अस्वल मिळालं. निवेदन नाही, उपदेश नाही. दोशींनी ज्यांच्यासाठी अहमदाबादची गुंफा बांधली ते हुसेन वास्तूकडे कसे पाहत असतील, हे त्या पटातल्या राजस्थानी भिंतींवरून कळतं.

अलीकडच्या कामात मला खरी हालचाल दिसते ती दोन पटांत. अविजित मुकुल किशोर आणि रोहन शिवकुमार यांचा 'नोस्टॅल्जिया फॉर द फ्यूचर' (2017) बडोद्याचा राजवाडा, साबरमती आश्रम, कॉर्बुझिएचा शोधन बंगला आणि दिल्लीतली सरकारी घरं एका ओळीत मांडतो आणि विचारतो, या प्रत्येक घरानं कोणता नागरिक गृहीत धरला होता? दुसरा शिवकुमार यांचाच 'लव्हली व्हिला'. बोरिवलीची एलआयसी कॉलनी कोरियांनी आखली; शिवकुमार तिथेच वाढले. इथे वास्तुरचनाकार जवळजवळ नाहीच. आहे ते एक मध्यमवर्गीय कुटुंब आणि त्याच्या सवयींना वळण लावणाऱ्या भिंती. हा पट पाहताना आपण कोणत्या जिन्यात वाढलो ते आठवू लागतं, आणि एवढं जमलं म्हणजे पुष्कळ जमलं.

एक फाळणी मात्र मला फार खटकते. आपल्याकडे घरांविषयीचे तडफदार पट झाले आहेत. आनंद पटवर्धनांचा 'हमारा शहर' (1985) घ्या. त्यात झोपडी पडते, माणसं ओरडतात. पण तो 'सामाजिक' कप्प्यात गेला आणि दोशी-कोरियांचे पट 'कला' कप्प्यात. दोन्हींचे प्रेक्षक वेगळे, महोत्सव वेगळे. परदेशात ही भिंत काहींनी ओलांडली आहे. 'द प्रुइट-आयगो मिथ' (2011) सेंट लुईसमधल्या उद्ध्वस्त झालेल्या सरकारी वसाहतीची कहाणी तिथे राहिलेल्यांच्या तोंडून सांगतो आणि सगळं खापर वास्तुरचनाकारावर फोडणाऱ्यांना निरुत्तर करतो. 'कूलहास हाउसलाइफ' (2008) तर झकासच आहे. बोर्दोजवळचं रेम कूलहासचं जगप्रसिद्ध घर त्यात दिसतं, पण ते घरकाम करणाऱ्या ग्वादालुपे या बाईंच्या मागे फिरत. घराच्या मधोमध वरखाली होणारा प्रशस्त तराफा आहे; बाई त्यावर बादल्या, झाडू, फडकी घेऊन संथपणे वर येतात, आणि सगळी कीर्ती एका क्षणात जमिनीवर. कुठे गळतं, कुठला पडदा अडकतो, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.

आता सोलापूरजवळचं कुंभारी. अक्कलकोट रस्त्यावरच्या या गावात कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार महिलांची 10,020 घरांची सहकारी वसाहत उभी राहिली. 1 सप्टेंबर 2006 रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती सुपूर्द झाली. नंतर तिथेच असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचं रे नगर. 2019 मध्ये पायाभरणी, जानेवारी 2024 मध्ये पहिल्या 15,000 घरांचा ताबा, दोन्ही वेळा पंतप्रधान नरेंद्र मोदी. दोन्हीमागे माकपचे नेते नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखालचा लढा. कॅमेरे आले ते किल्ली देताना, हार घालताना. त्यानंतर घराचं काय होतं, ते टिपायला माहितीपट हवा.

आणि टिपण्यासारखं केवढं आहे! विडी घरात वळली जाते. तेंदूचं पान ओल्या फडक्यात, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, हातात कात्री. या कामाला उजेड लागतो आणि वारा मात्र चालत नाही, तंबाखू उडते. म्हणजे बाई कुठे बसते? उंबऱ्यात, खिडकीखाली, की पंखा बंद करून आतल्या खोलीत? शहरात चार-चार दिवसांआड पाणी येण्याची सवय असलेली माणसं बॅरल कुठे ठेवतात? एप्रिलच्या उन्हात स्लॅबखाली दुपार कशी काढतात? पुढे पडवी कोणी काढली, ती भाड्यानं कोणी दिली? कॉर्बुझिए ज्याला राहण्याचं यंत्र म्हणाला त्याची चाचणी यापेक्षा कडक कुठे होणार? माझ्या लेखी दोशींवरच्या तिसऱ्या-चौथ्या पटापेक्षा हा पट आधुनिक वास्तुकलेविषयी जास्त सांगेल.

वस्तूंच्या रचनेवरच्या पटांबद्दल थोडक्यात. तिथेही नावांची पूजा आहे. गॅरी हस्टविटचा 'राम्स' (2018) देखणा आहे, जर्मन रचनाकार डीटर राम्स त्यात वस्तूंच्या अतिरेकावर चिडतात, आणि प्रेक्षक घरी जाऊन त्यांचाच जुना रेडिओ शोधू लागतो. चार्ल्स आणि रे ईम्स यांनी 1955 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनातल्या भारतीय कापडांवर छोटा पट केला, निवेदनात पुपुल जयकर होत्या. कापडं सुंदर दिसतात, विणकर दिसत नाही. 1958 मध्ये याच जोडप्यानं भारत सरकारला दिलेल्या अहवालात साध्या लोट्याचं कौतुक केलं. तो कोणा एकानं घडवलेला नाही, पिढ्यांच्या हातांनी घडला, हे त्यांना भावलं. त्या अहवालातून अहमदाबादची राष्ट्रीय रचना संस्था 1961 साली उभी राहिली. सोलापुरी चादर त्याच जातीची. भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिच्यावरच्या मोराचा नक्षीकार कोण, हे कोणी विचारत नाही. पद्मशाली विणकराच्या मागावर जेकार्डची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पानं एकामागून एक खाली येतात, प्रत्येक पानागणिक एक धागा ठरतो. चित्रपटासाठी याहून चांगलं दृश्य कोणी मांडून ठेवत नाही.

हे पट बहुतेक इंग्रजीत होतात, हेही लक्षात घेतलं पाहिजे. खोपकरांसारखा मराठीत लिहिणारा माणूसदेखील कोरियांवर पट करतो तो इंग्रजीत. कुंभारीतला पट तसा होऊच शकत नाही. तिथे तेलुगू, मराठी, कन्नड, दखनी एकाच ओट्यावर ऐकू येतात.

पैशाचं कारण पुढे केलं जाईल. फिल्म्स डिव्हिजन 2022 मध्ये एनएफडीसीत विलीन झालं, हे खरं. पण चार्ल्स कोरिया फाउंडेशननं 2020 पासून शहरांवरच्या लघुपटांसाठी 'नगरी' ही स्पर्धा चालवली आहे, आणि वास्तुकलेचे विद्यार्थी वस्त्यांची मापं घ्यायला टेप घेऊन जातातच. सोबत कॅमेरा न्यावा. सोलापूरच्या मुलांना कुंभारी दूर नाही, दहा-बारा किलोमीटर. आणि जरा घाई करावी. 2006 साली चाळिशीत घराची किल्ली घेतलेल्या बायका आता साठीला आल्या आहेत.