फलटणची मराठी आणि तिची परदेशी विद्यार्थिनी

भाषा शिकविणाऱ्याने ती भाषा जेथे बोलली जाते तेथे जाऊन राहावे, हा सल्ला आता इतका सर्वमान्य झाला आहे की, तेथे जाऊन नेमके करावयाचे काय, हे विचारण्याची कोणास आवश्यकताच वाटत नाही. आम्ही राजाजीनगरवासी तर या सल्ल्याचे चालतेबोलते खंडन आहोत! बदलीवर येऊन दहा-दहा वर्षे लोटली, तरी आपल्यापैकी बहुतेकांची कन्नड भाजीवाल्यापाशी ‘एष्टु?’ने सुरू होते आणि ‘गोत्तिल्ला’ने संपते. कचेरीत इंग्रजी, शेजाऱ्यांशी हिंदी, घरी मराठी. येथे वास्तव्य घडले, सहवास घडला नाही.

या दृष्टीने डॉ. मॅक्सीन बर्नसन यांच्या कार्याचे परीक्षण उद्बोधक ठरेल. या अमेरिकन विदुषी १९६६ साली फलटणास येऊन राहिल्या आणि १९७८ साली भारताच्या नागरिक झाल्या. अमेरिकन विद्यार्थ्यांना मराठी शिकविणाऱ्या बाईंना शुद्ध मराठीच हवी असती, तर पुणे काही दूर नव्हते. त्यांनी तालुक्याचे गाव निवडले, यातच माझ्या मते त्यांचा खरा अधिकार आहे. १९७३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठास त्यांनी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषयच मुळी फलटणच्या बोलीतील भेद हा होता. ‘पाणी’ म्हणणारा आणि ‘पानी’ म्हणणारा एकाच गल्लीत नांदतात. पहिल्याचे अनुकरण करावे आणि दुसऱ्याकडे चूक म्हणून पाहावे, हा शिकाऊ परकीयाचा सोपा मार्ग. बाईंनी दोघांनाही कान दिला.

त्यांच्याआधी दीडशेहून अधिक वर्षे विल्यम केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवीत होता. त्याचे वास्तव्य बंगालमध्ये, आणि मराठीचा आधार मुख्यतः पंडितांचा. तरीही १८०५ साली त्याचे मराठी व्याकरण व १८१० साली मोडी अक्षरांतील कोश सिद्ध झाला. हे यश थोडे नव्हे. परंतु पंडित जी मराठी पुढे ठेवील तीच शिष्याच्या पदरी पडणार. बर्नसनबाईंनीही जाई निंबकर (इरावती कर्वे यांच्या कन्या) यांच्या सहकार्याने १९७५ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. मात्र त्यांच्या शेजारी पंडिताऐवजी अवघा गाव होता.

या श्रवणाचे फळ केवळ ग्रंथांत उरले नाही. १९८४ साली त्यांनी फलटणास प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली. मूल घरून कोणती मराठी घेऊन येते, हे ज्याने ऐकले आहे, त्यालाच त्या मुलाला वाचावयास कोठून शिकवावे हे कळते.

आता आपल्याकडे वळू. रविवारी मुलांना समोर बसवून मराठी शिकविणारे आपण हौशी शिक्षक आहोत, आणि आपली मराठी बदलीच्या हुकुमाच्या तारखेस थांबलेली असते. मुलाने विचारलेल्या शब्दासाठी आपण पुस्तक उघडतो. म्हणजे आपण केरीच्या बाजूचे. स्वग्रामी जाण्याची सवलत सरकार दोन वर्षांतून एकदा देते. ती बहुधा कोथरूड वा ठाण्याच्या दिवाणखान्यात, आपल्यासारखेच बोलणाऱ्या आप्तांत खर्ची पडते. मुले तेथे इंग्रजीत खेळतात! त्यांतील चार दिवस तरी एखाद्या आठवडेबाजारात, एस.टी.च्या थांब्यावर, गावच्या शाळेत मुलांसह काढावयास काय हरकत आहे? पुण्याहून फलटण शंभर-सव्वाशे किलोमीटरच तर आहे.