एक गोळी की चार? ॲबिराटेरोनचा पेपर वाचताना

‘एफिकसी’ म्हणजे ट्रायलच्या शिस्तीत औषध काय करतं, आणि ‘इफेक्टिव्हनेस’ म्हणजे रोजच्या जगण्यात काय करतं. व्याख्या तुम्हाला पाठ असेल. पण फरक नीट कळायला आज एक पेपर वाचूया. रसेल स्मुलेविट्झ आणि सहकाऱ्यांचा, २०१८ चा, ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’मधला.

आधी थोडी पार्श्वभूमी. प्रोस्टेट कॅन्सर टेस्टोस्टेरॉनवर वाढतो. म्हणून पसरलेल्या आजारात इंजेक्शनं देऊन किंवा वृषण काढून हे हार्मोन खाली आणतात. तरीही आजार वाढला तर जी औषधं देतात, त्यातलं एक ॲबिराटेरोन. नेहमीचा डोस १००० मिलिग्रॅम, म्हणजे २५० च्या चार गोळ्या, उपाशीपोटी. कारण जेवणाबरोबर हे औषध रक्तात जास्त शिरतं, तेलकट जेवणाबरोबर तर दहापटीपर्यंत.

मग संशोधकांनी विचारलं, कमी तेलाच्या नाश्त्याबरोबर एकच गोळी दिली तर? ७२ रुग्ण, दोन गट. १२ आठवड्यांनी पीएसए निम्मा किंवा त्याहून खाली आला, असे रुग्ण एका गोळीच्या गटात ५८ टक्के आणि चार गोळ्यांच्या गटात ५० टक्के. आजार न वाढता गेलेला काळ दोन्हीकडे साधारण नऊ महिने.

‘एक गोळी जास्त चांगली’ असं लिहू नका. गटात ३६ माणसं, म्हणजे फरक तीनेक माणसांचा. शिवाय मोजलाय तो मुख्यतः पीएसए. चार गोळ्यांच्या बाजूला २०११ ची ११९५ रुग्णांची ट्रायल आहे. केमोथेरपी झालेल्या रुग्णांचं मध्यक आयुष्य तिथे १०.९ वरून १४.८ महिन्यांवर गेलं. एका गोळीच्या पेपरमध्ये तसा पुरावा नाही. लेखकांनीही पुढच्या अभ्यासाची गरज मान्य केली आहे.

आता हाच पेपर कोल्हापुरात आणा. इथे नाश्ता म्हणजे एक दिवस कटाची मिसळ, दुसऱ्या दिवशी नुसता चहा, तिसऱ्या दिवशी एकादशी. गोळी तीच, पण रक्तातलं औषध रोज वेगळं.

साइड इफेक्टचंही बघा. या औषधाने बीपी वाढतं, पोटॅशियम उतरतं, पायाला सूज येते, लिव्हरचे रिपोर्ट बिघडू शकतात. म्हणून सोबत प्रेडनिसोलोन देतात आणि तपासण्या करतात. पण चंदगडहून एसटीने येणाऱ्या रुग्णाची पोटॅशियमची तपासणीच झाली नसेल, तर केस पेपरवर काय दिसणार? काहीच नाही. त्या फायलींवरून ‘साइड इफेक्ट कमी’ असा निष्कर्ष काढणं चूक आहे. नोंद नाही म्हणजे त्रास झाला नाही, असं होत नाही. जे परत आलेच नाहीत, ते तर मोजणीतच नाहीत.

मग पेपर टाकाऊ आहे का? नाही. भारतात जेनेरिकमुळे किंमत उतरली, तरी दर महिन्याचा खर्च आहेच. ज्या घरात पैशाअभावी औषध बंद पडतं, तिथे तुलना चार विरुद्ध एक अशी नसते, एक विरुद्ध शून्य अशी असते. ट्रायलने हा प्रश्न विचारलेलाच नाही. डोसचा निर्णय डॉक्टरांचाच, पण हा प्रश्न विचारणं आपलं काम.

करून बघा: या प्रश्नासाठी फायलींचा अभ्यास आखायचा, तर औषध मध्येच सोडलेले रुग्ण तुम्ही कुठल्या गटात धराल? आधी ते लिहा. सांख्यिकी नंतर.