म्युल्लर या जर्मन कुलनामाचीं रूपें : एक परामर्श

ऋग्वेदाची सायणभाष्यासह पहिली संपूर्ण मुद्रित आवृत्ति ज्यांनीं इ. स. १८४९ ते १८७४ या काळांत सहा खंडांत सिद्ध केली, त्या जर्मन पंडिताचें नांव आम्हीं प्रथम आमच्या शास्त्रीबोवांच्या तोंडून 'मोक्षमूलर भट्ट' असें ऐकिलें. मोक्षाचें मूळ ज्यास सांपडलें तो मोक्षमूलर, अशी फोडहि त्यांनीं करून दाखविली होती. आणि ती ऐकून आम्ही प्रसन्न झालों होतों, हें कबूल केलें पाहिजे. पुढें जर्मन भाषेचा थोडा परिचय झाला तेव्हां कळलें कीं, या नांवाचा मोक्षाशीं वा मुळाशीं काडीचाहि संबंध नाहीं. म्युल्लर म्हणजे पाणचक्कीवर धान्य दळून देणारा. त्याच पंडिताचें वसतिस्थान जें ऑक्सफर्ड, त्याचें 'गोतीर्थ' हें संस्कृत रूप मात्र यथार्थ आहे. कारण बैलांचा नदीउतार हाच त्या शब्दाचा अर्थ. एका नांवाचा अर्थ उतरविला, दुसऱ्याचा केवळ ध्वनि. ज्याच्यापुढें हीं दोन संस्कृत रूपेंच आहेत त्यास कोणतें रूप कोणत्या रीतीनें बनलें हें ओळखण्यास साधन नाहीं. कुलनामांच्या शोधांतील खरी अडचण ही आहे, आणि म्युल्लर या नांवावरून ती स्पष्ट करून दाखवावी असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

शब्दाच्या व्युत्पत्तीविषयीं वाद नाहीं. उत्तरकालीन लॅटिनमधील 'मोलिनारिउस' या शब्दापासून जुन्या जर्मनमध्यें 'मुलिनारि' व मध्ययुगीन जर्मनमध्यें 'म्युल्नेर' हीं रूपें झालीं. पुढें ल्न या संयोगांतील नकार लकारांत मिसळून म्युल्लर हें रूप सिद्ध झालें. हें नांव आज जर्मनींत सर्वांत अधिक प्रचलित आहे, याचें कारणहि उघड आहे. जेथें सारा गांव शेतीच करतो तेथें 'शेतकरी' म्हटल्यानें माणूस ओळखला जात नाहीं. पण चक्कीवाला गांवांत बहुधा एकच, म्हणून तें नांव ओळखीस पुरतें. शिवाय अनेक ठिकाणीं अमुक चक्कीवरच दळलें पाहिजे असा जमीनदाराचा निर्बंध कुळांवर असे. त्यामुळें चक्की व तिचा धंदा एकाच घराण्याकडे पिढ्यानुपिढ्या राहण्यास पुष्कळ वाव होता.

परंतु शब्दाची व्युत्पत्ति सांगितली म्हणजे घराण्याच्या नांवाचा उगम सांगितला असें होत नाहीं. त्यासाठीं रूपभेदांकडे पाहिलें पाहिजे. उत्तरेकडे, श्लेस्विग-होल्स्टाइन, हांबुर्ग व मेक्लेनबुर्ग या प्रदेशांत म्योल्लर असें रूप आहे. सरहद्द ओलांडून डेन्मार्कमध्यें गेलें तरी त्याचीच बहीण भेटते. बव्हेरियांतील श्वाबेन भागांत उकाराचा इकार होऊन मिल्लर झालें. बव्हेरिया व ऑस्ट्रिया येथें जुना नकार जपणारें म्युल्नर आढळतें. र्‍हाइन नदीच्या खालच्या अंगास म्युल्लर्स, म्योल्डर्स अशीं सकारान्त रूपें आहेत. तो सकार षष्ठीचा, म्हणजे 'म्युल्लरचा मुलगा'. याप्रमाणें एकेक अक्षर घराण्याच्या मूळ प्रदेशाकडे बोट दाखवितें.

यांतच लेखकांच्या हातची भर पडली. कॅथॉलिक पाद्री चर्चच्या नोंदवह्या लॅटिनमध्यें लिहीत. तेथें म्युल्लरचा मोलिटर झाला. विद्येच्या पुनरुज्जीवनकाळीं पंडितांनीं ग्रीक शब्दावरून मिलिउस असें रूप घेतलें. पंधराव्या शतकांतील प्रख्यात ज्योतिषी योहानेस म्युल्लर (१४३६–१४७६) तर आपल्या जन्मगांवाच्या, म्हणजे क्योनिग्सबेर्गच्या, लॅटिन भाषांतरावरून रेगिओमोंटानुस या नांवानेंच जगास ठाऊक आहे. बायकांच्या नांवापुढें 'म्युल्लरिन' असें स्त्रीलिंगी रूप लिहीत. नवख्या संशोधकास तें निराळें कुलनाम वाटतें. जर्मन वळणाच्या हस्ताक्षरांत साध्या उकारावर, तो नकाराहून निराळा दिसावा म्हणून, एक अर्धवर्तुळ काढीत. त्यास ऊर्ध्वबिंदु समजल्यास उकाराचा भलताच स्वर होतो. ऱ्हस्वदीर्घाचा भेद न पाळणारी मोडी वाचणाऱ्यांस ही अडचण नव्यानें समजाविण्याची गरज नाहीं. नांवाचें लेखन जर्मन साम्राज्यांत सर्वत्र स्थिर होऊं लागलें तें इ. स. १८७६ पासून, सरकारी नोंदणीचा कायदा अमलांत आल्यावर. त्यापूर्वीं बापाचें नांव एका रूपांत व मुलाचें दुसऱ्या रूपांत आढळल्यास नवल नाहीं.

आतां साधनग्रंथांचा विचार करूं. हाइंत्से यांचा ग्रंथ इ. स. १८८२ मध्यें निघाला व पुढें कास्कोर्बी यांनीं वाढविला. बाह्लोव यांचा कोश इ. स. १९६७ चा. असले कोश हाताशीं असावेत, पण त्यांतील एका ओळीचा अर्थ हा निर्णय मानूं नये. बाह्लोव यांनीं स्थलनामांवरील आपल्या इ. स. १९६५ च्या ग्रंथांत असंख्य नांवांच्या मुळाशीं दलदलीचे व चिखलाचे लुप्त शब्द पाहिले, आणि त्याबद्दल त्यांजवर टीकाहि झाली. ध्वनिसाम्याच्या मोहांतून मोठे विद्वानहि सुटत नाहींत. ब्रेखेनमाखर यांचा इ. स. १९५७ पासून दोन खंडांत निघालेला कोश आम्हांस अधिक आदरणीय वाटतो, कारण तो जुन्या नोंदी स्थळ व सालासह देतो. कुन्त्से व न्युब्लिंग यांनीं इ. स. २००९ ते २०१८ या काळांत सात खंडांत संपादिलेला कुलनामांचा नकाशासंग्रह तर या क्षेत्रांतील अपूर्व कार्य होय. वर सांगितलेले प्रादेशिक भेद त्यांत डोळ्यांनीं पाहतां येतात. तथापि त्याचे नकाशे इ. स. २००५ च्या दूरध्वनि-धारकांच्या यादीवर आधारलेले आहेत, आणि ते आजच्या जर्मनीपुरतेच आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर ओडर नदीपलीकडील प्रांतांतून लक्षावधि जर्मन कुटुंबें हुसकलीं गेलीं. त्यांच्या रूपांना त्या नकाशांत स्वतःची भूमि उरलेली नाहीं. नकाशा दिशा दाखवितो. निर्णय कागदानेंच करावयाचा.

नांवावरून धंदा काढणें हाहि तसाच धोका. मॅक्स म्युल्लर यांचे वडील विल्हेल्म म्युल्लर हे कवि. चक्कीवाल्याच्या मुलीवर त्यांनीं रचलेल्या कवितांना शूबर्टनें चाल दिली. पण त्या कवीचा बाप देसाउ गांवचा शिंपी होता! आणि जेथें धंदा खराच होता तेथेंहि तो पिठाचा असेल असें नाहीं. लोहम्युल्लर हा चांभारांसाठीं ओकची साल कुटणारा, ओलम्युल्लर हा तेल काढणारा. अमेरिकेंतील मिल्लर तर इंग्रज असेल, श्वाबेनचा असेल, किंवा बंदरावर उतरल्यानंतर नांव बदललेला म्युल्लर असेल.

हें सर्व आम्ही इतक्या आग्रहानें लिहितों याचें कारण आमच्या हातून घडलेला एक अपराध आहे. तरुणपणीं एका घराण्याच्या दप्तराची नामसूची करण्याचें काम आम्हांकडे आलें होतें. त्यांत एकाच कुळाचें नांव कोठें चिटनवीस, कोठें चिटणवीस, कोठें चिटणीस असें होतें. व्याकरणाच्या अभिमानानें आम्हीं सर्वत्र 'चिटणीस' हें एकच रूप घातलें व सूची स्वच्छ झाली म्हणून समाधान मानिलें. पुढें तें दप्तर वाळवीनें खाल्लें. आज आमची सूची तेवढी शिल्लक आहे. नागपूरकडे जो चिटणवीस आहे तो सातारकडे चिटणीस आहे. तेव्हां कोणता कागद कोणत्या लेखकानें व कोठें लिहिला हें त्या रूपभेदांवरून कदाचित् ठरलें असतें. तो पुरावा वाळवीनें नव्हे, आम्हीं नष्ट केला.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति एवढीच : सूचींत नांव जसें कागदावर असेल तसेंच उतरावें; शुद्ध रूप देण्याची हौस असल्यास तें शेजारीं, निराळ्या रकान्यांत द्यावें. मोक्षमूलर हें नांव सुंदर आहे, आणि तें देणाऱ्यांच्या मनांत आदरच होता. पण मूळ नांव आपल्याजवळ राहिलें म्हणूनच त्या सौंदर्याचें कौतुक आज करतां येतें.